खेळांची खतावणी

लक्ष्मीपूजनाला आमच्या पेढीत अजून वहीपूजन होते. पेढी वाशीच्या मसाला बाजारात. सारा हिशेब केव्हाच संगणकात गेला. तरी शेठ त्या दिवशी लाल कापडाची एक कोरी वही आणतात, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कपाटात पडून राहते. तेवीस वर्षे मी तिथे हिशेबनीस आहे. हळद, मिरची आणि नवा कागद यांचा तो एकत्र वास आला, की मलाही एक वही उघडावीशी वाटते. वर्षभरात खेळलेल्या खेळांची.

या सदराचे नेहमीचे वाचक माझे व्यसन जाणतात. नव्यांसाठी कबुली देऊन टाकतो : वय वर्षे चौपन्न, राहणार नेरूळ, छंद व्हिडिओ गेम. आमच्या सोसायटीतले या वयाचे गृहस्थ सकाळी चालायला जातात आणि संध्याकाळी बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात. मी दोन्ही करतो. पण रात्री साडेनऊनंतर मी खेळतो. "शोभतं का हे या वयात?" असे सौ. पूर्वी विचारीत असे. हल्ली ती "जिंकलात का?" एवढेच विचारते. संसारात यालाच प्रगती म्हणतात.

खेळ नवा असताना मी विकत घेत नाही. मसाला जुना झाला की त्याचा वास जातो. खेळ जुना झाला की नुसती किंमत जाते. तेव्हा दोन-चार वर्षे थांबायला माझी हरकत नसते. आणि माझी कसोटीही एकच आहे. चित्रे किती सुबक, गती किती, ही चर्चा मी तरुणांवर सोडतो. पंगतीवरून उठणाऱ्याचा चेहरा पाहिला की स्वयंपाक कसा झाला ते कळते. तसा खेळून उठणारा माणूस कसा उठतो, एवढेच मी पाहतो.

पहिले खाते टेट्रिसचे. नेरूळ ते वाशी गाडीत बसायला मिळाले तर एक डाव होतो. हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव्ह नावाच्या रशियन गृहस्थांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला असताना रचला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे जोडून ठोकळे केले. चार-चार चौकोनांचे सात आकार, बस्स. आपल्याकडे नव्वदीच्या सुमारास जत्रेत, स्टेशनाबाहेर जो करड्या पडद्याचा 'ब्रिक गेम' मिळे, तो याचाच धाकटा भाऊ.

या खेळात जिंकणे नाही. जितके नीट रचाल तितक्या ओळी नाहीशा होतात. चुका तेवढ्या शिल्लक राहतात. आम्हां हिशेबनिसांना ही रीत ओळखीची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने या खेळाची १९८९ सालची आवृत्ती इतकी पुढे नेली, की शेवटी खेळच गोठून बसला. तिथवर आधी कुठला माणूस पोचला नव्हता. ते वाचून मला आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. कारण टेट्रिस खेळून मी उठतो तो उठतच नाही. डोळे मिटले तरी ठोकळे पडत राहतात. एकदा सानपाड्याला सुरू केलेला डाव मी मानखुर्दला संपवला, आणि मग खाडीपूल ओलांडून उलटा आलो. शेरा : खेळ थोर, पण तो एकट्याचा. बरोबरी यावी म्हणून पुरेसे.

दुसरे खाते 'राजी'चे. हा खेळ पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तो केला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. चिरंजीव शिकायला जर्मनीला गेले तेव्हा आपला संगणक मागे ठेवून गेले, म्हणून मला तो खेळता आला. राजी ही सर्कशीतली मुलगी. दैत्य तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ही एकटी त्याला शोधायला निघते. तिच्या प्रवासाविषयी वरून दुर्गा आणि विष्णू बोलत असतात. राजस्थानी धाटणीचे वाडे, भिंतींवर पुराणांतली चित्रे. आमची सौ. एरवी पडद्याकडे फिरकत नाही. पण एका महालाशी येताच तिने मला थांबवले. "जरा हळू चला हो, चित्रं बघू द्या की," म्हणाली. मागून दैत्य येत होता. तरी मी थांबलो आणि मेलो. गृहस्थाला याहून वेगळा मार्ग नसतो.

दोष सांगायचा तर गोष्ट ऐन रंगात आली की संपते. पाच-सहा संध्याकाळींचे काम. पण बहीण भावाला सोडवायला निघते ही गोष्ट आपल्याला सांगायला नकोच. दर भाऊबीजेला आपण तीच निराळ्या रीतीने पाहतो. शेरा : उठताना छाती भरून येते. शेवट हातात न आल्याची थोडी चुटपुट नावे टाकावी लागते.

तिसरे खाते 'वेण्बा'चे. टोरांटोतल्या विसाई गेम्सनी हा २०२३ साली काढला. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेले एक तमिळ जोडपे आणि तिथेच वाढणारा त्यांचा मुलगा, एवढीच गोष्ट. आणि खेळायचे काय, तर स्वयंपाक करायचा. आईची पाककृतींची वही जागोजागी फाटलेली, पुसलेली. जे अक्षर वाचता येत नाही ते पदार्थ करून पाहून शोधायचे. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचाव्यात, हे पहिलेच कोडे. मी तीनदा चुकलो. चौथ्यांदा सौ.ने पोळीचे हात पुसले आणि एका झटक्यात ते सोडवले. पुढचा सारा खेळ तीच खेळली. मी फक्त बटणे दाबली.

मुलगा मोठा होतो, घरच्या भाषेत उत्तर द्यायचे टाळतो, दूर जातो. तो भाग आला तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही. खेळ संपल्यावर ती उठली, फडताळातून तिच्या आईची वही काढली, आणि पुरणाच्या आमटीच्या पानाचा फोटो काढून जर्मनीला पाठवला. पानावर तेलाचा डाग आहे; त्याच्याखाली गुळाचे प्रमाण आहे. चिरंजीवांनी रात्री विचारले, "आई, गूळ किती?" ती म्हणाली, "करून बघ." शेरा : माझ्या खतावणीत या वर्षीची सर्वांत मोठी जमा.

आता शेवटचे खाते, आणि ते आमच्या गावचे. लुडो किंग हा खेळ नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीचा. विकास जयस्वाल यांनी तो २०१६ साली आणला. तो खेळला नाही असे घर सापडणे कठीण. यात नवे काय, असे विचाराल तर काही नाही. १८९६ साली इंग्लंडात लुडोचे पेटंट घेतले गेले. पण मूळ आपली पचिशी. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या अंगणातला फरसबंदीचा पट आजही पाहायला मिळतो. सापशिडीचेही तसेच : ती आपल्या मोक्षपटातून निघाली, आणि त्या पटाचे कर्तेपण परंपरा ज्ञानेश्वरांना देते. पट परदेशी जाऊन आला आणि नेरूळच्या शेजारून फोनमध्ये शिरला, इतकेच.

सौ.चे म्हणणे, फोनमधला फासा पक्षपाती असतो. मी हिशेब मांडून दाखवतो. सहा पडण्याची शक्यता सहात एक. दहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडणे, हे साधारण दर सहा माणसांत एकाच्या कपाळी असतेच. ती म्हणते, "तो एक नेहमी मीच का?" याला हिशेबात उत्तर नाही.

याच पटावर पैसे लावले की काय होते, तेही मी पाहिले आहे. बाजारातला एक तरुण मुलगा, चुणचुणीत, पावत्या फाडणारा. कुठल्याशा पैशांच्या लुडोत त्याने आधी पाचशे मिळवले आणि मग तीन महिन्यांचा पगार घालवला. तो खेळून उठतच नसे. गेलेले परत आणायला पुन्हा बसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे खेळ तेवढे मोकळे राहिले. कायद्याने सगळ्यांना शहाणपण येईल असे नाही. पण त्या मुलाच्या आईला त्या दिवशी मी पेढे वाटताना पाहिले.

आणि आता ज्याच्यासाठी हे खाते उघडले ते सांगतो. माझे थोरले बंधू वाईला असतात. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचे बिनसले, आणि २०१४ पासून बोलणे बंद झाले. दिवाळीचा फराळ जाई, येई. माणसे जात-येत नसत. २५ मार्च २०२० ला सारा देश घरात बसला. आठवड्याभरात पुतण्याने लुडोचा डाव मांडून मला आकडा धाडला. आत गेलो तो समोर हिरव्या सोंगट्यांवर दादाचे नाव. त्यालाही आधी कोणी सांगितले नव्हते, हे मला मागाहून कळले.

उठून जावे असे दोघांनाही वाटले असणार. पण मांडलेल्या डावावरून उठायचे नाही, ही आमच्या आईची शिस्त. खेळलो. माझी शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी आली असताना दादाने मागून येऊन ती मारली. लहानपणी मारायचा तशीच, जराही दया न करता. मला हसू आले. दुसऱ्या रात्री साडेनऊला तो पुन्हा हजर. असे चाळीसेक दिवस चालले. शब्द एक नाही, फक्त फासा.

मग एका रात्री डाव चालू असतानाच फोन वाजला. सहा वर्षांनी आलेला आवाज. "काय रे, आज फासा टाकायला एवढा वेळ का लावतोयस? बरं नाही का?"

मला दोन दिवस ताप होता. ते दिवस कसे होते ते तुम्हांला आठवत असेल; मी घरात नीट सांगितलेही नव्हते. आणि वाईला बसून, दीडशे मैलांवर नसला तरी शंभरेक कोसांसारखा दूर गेलेला माणूस, माझ्या खेळीच्या उशिरावरून ते ओळखतो. "थोडी कणकण आहे," मी म्हटले. "मग झोप की! डाव काय पळतोय? सौ.ला दे फोन." पुढचे दहा दिवस तो रोज सकाळ-संध्याकाळ ताप किती ते विचारी, आणि रात्री मला खेळू देत नसे.

लुडोने आमचे भांडण मिटवले, असे मी लिहिणार नाही. घराचा वाद आहे तिथेच आहे. पण त्यावर आता आम्ही एकमेकांशी भांडतो, वकिलांमार्फत नव्हे. यंदा श्रावणात दादाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी काही दिवस पडदा बंद केला. तेवढे दिवस वहिनींनी त्याच्या वतीने फासा टाकला. "ह्यांचं म्हणणं, हिरवी चार घरं पुढे," असा मजकूर यायचा. मी वहिनींची एकही सोंगटी मारली नाही. दादा बरा झाल्यावर त्याने हे काढून मला चांगले झापले.

पाडव्याला दोघे नेरूळला येणार आहेत. परवा दादाने फोनवर विचारले, "घराचे कागद बरोबर आणू का?" मी म्हटले, "आण. आणि आईचा कापडी पटही आण, कवड्यांसकट." दोन्ही एकाच पिशवीत येतील. आधी काय काढायचे ते आमची सौ. आणि वहिनी ठरवणार आहेत. आम्हां दोघांना तिथे मत नाही.

वाचकांना दिवाळी सुखाची जावो. घरात पट असेल तर तो या चार दिवसांत काढा. आणि उठताना एकमेकांचे चेहरे तेवढे पाहा.