रूट केलेले फोन आणि आपला दुरुस्तीचा धंदा

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यावर आज आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांची चूल पेटते. मुंबईच्या मनीष मार्केटपासून मुंब्रा, भिवंडी आणि मालेगावच्या गल्ल्यांपर्यंत एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, एक हॉट एअर मशीन आणि हातातील कसब एवढ्या भांडवलावर आपल्या तरुणांनी हा धंदा उभा केला. फोल्डर बदलणे, बॅटरी टाकणे, चार्जिंगचा जॅक लावणे ही कामे ते डोळे मिटून करतात. परंतु गेल्या काही वर्षांत काउंटरवर अशा तक्रारी येऊ लागल्या आहेत की ज्यांचे मूळ बोर्डात नसून सॉफ्टवेअरमध्ये असते आणि त्यातही फोन कोणीतरी 'रूट' केलेला असतो. या कामात आपल्या कारागिरांचे जे चालले आहे त्याचा विचार झाला पाहिजे असे आम्हाला वाटते.

रूट म्हणजे काय हे प्रथम स्पष्ट करू. अँड्रॉइड ही लिनक्सच्या पायावर उभी असलेली प्रणाली आहे. लिनक्समध्ये 'रूट' नावाच्या वापरकर्त्याला सर्वाधिकार असतात. कंपनी फोन विकताना हा अधिकार मालकाला देत नाही. तो मिळविण्यासाठी आधी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते आणि मग बूटच्या फाइलमध्ये बदल करावा लागतो. पूर्वी सुपरएसयू चालत असे. २०१६ साली मॅजिस्क आले आणि मुख्य सिस्टीमला हात न लावता रूट करण्याची पद्धत रूढ झाली. बूटलोडरचे कुलूप उघडताना फोनमधील सर्व डेटा पुसला जातो आणि ते परत लावतानाही पुसला जातो, ही गोष्ट प्रत्येक कारागिराने गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वी सांगितली पाहिजे. लग्नाचे फोटो आणि उधारीच्या नोंदी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

बँकेचे ॲप उघडत नाही

रूट केलेल्या फोनची सर्वात मोठी तक्रार हीच आहे. २०१६ साली यूपीआय आल्यापासून भाजीवाल्यापासून यंत्रमागाच्या मालकापर्यंत सर्वांचा व्यवहार फोनवर आला. ॲप बंद पडले तरी क्यूआरवर आलेला पैसा खात्यात जमा होतो हे खरे. परंतु पैसा आला की नाही हे दिसत नाही आणि सूतवाल्याचे, चामडेवाल्याचे बिल भागवता येत नाही. त्या दुकानदाराचा दिवस वाया जातो.

हे का घडते? बँकेचे ॲप गुगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' या तपासणीला विचारते की हा फोन कंपनीने दिला त्याच अवस्थेत आहे काय. पूर्वी हे काम 'सेफ्टीनेट' करीत असे. उत्तर समाधानकारक नसेल तर ॲप चालत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेविषयी बँकांना जे निर्देश दिले, त्यांतही किमान अटी पूर्ण करणाऱ्या यंत्रावरच ॲप चालू द्यावे असे धोरण होते. तेव्हा ही बँकेची लहर नाही.

येथे आपले कारागीर एक गोष्ट विसरतात. ते मॅजिस्क काढून टाकतात, फोन परत देतात आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन दारात उभे राहते. कारण रूट काढले तरी बूटलोडर उघडाच राहिलेला असतो, आणि तपासणीत नापास होण्यास तेवढे पुरते. योग्य क्रम असा: डेटा दुसरीकडे काढून ठेवावा, त्याच मॉडेलचे कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पूर्ण मारावे, फोन एकदा नीट चालू करून पाहावा आणि त्यानंतरच बूटलोडरचे कुलूप लावावे. मूळ सॉफ्टवेअर न मारता बदललेल्या सिस्टीमवर कुलूप लावले तर फोन चालूच होत नाही आणि साधे काम अवघड होऊन बसते.

काही ठिकाणी दोनशे-तीनशे रुपये घेऊन रूट 'लपवून' दिले जाते. या कामाला आमचा विरोध आहे. लपविण्याच्या या युक्त्या बहुधा कुठून तरी फुटलेल्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांवर चालतात. गुगल ती प्रमाणपत्रे रद्द करते आणि ॲप पुन्हा बंद पडते. २०२५ पासून अँड्रॉइड १३ व त्यापुढील फोनांत ही तपासणी हार्डवेअरच्या पुराव्यावर होऊ लागल्याने हा मार्ग आणखी अरुंद झाला आहे. दुसरे असे की, रूट असलेल्या फोनमध्ये एखाद्या वाईट ॲपला तो अधिकार मिळाला तर ते दुसऱ्या ॲपमधील माहिती वाचू शकते. खात्यातून पैसा गेला आणि त्यात ग्राहकाचा हलगर्जीपणा दिसला तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकानेच सोसावे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकात घालून दिले होते. आपण लपवून दिलेल्या रूटमुळे एखाद्या गरीब दुकानदारावर ही पाळी आली तर तीनशे रुपयांची ती कमाई आपल्याला पचेल काय?

बोर्ड गरम करण्यापूर्वी

दुसरी तक्रार म्हणजे फोन लोगोवर अडकणे, किंवा वायफाय, आवाज व टच अचानक बंद पडणे. आपल्या कारागिराचा हात अशा वेळी सवयीने हॉट एअरकडे जातो. आयसी गरम केली जाते, रिबॉल केली जाते, आणि चांगला बोर्ड हकनाक मरतो. रूट केलेल्या फोनमध्ये हीच लक्षणे बूटची चुकीची फाइल मारल्यानेही दिसतात. फोनचे सॉफ्टवेअर एका बिल्ड क्रमांकाचे आणि बूटची फाइल दुसऱ्या बिल्डची असेल तर कर्नेल आणि ड्रायव्हर यांचा मेळ बसत नाही. त्याच बिल्डची मूळ बूट फाइल फास्टबूटमधून परत मारली की वायफाय व आवाज पुन्हा सुरू होतात. अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत तर रूटसाठी 'बूट'ऐवजी 'इनिट बूट' ही फाइल बदलली जाते. हे माहीत नसेल तर तासन्‌तास चुकीच्या जागी शोध चालतो.

लोगोवर अडकलेला फोन नुकतेच एखादे मॅजिस्क मॉड्यूल टाकल्यावर बिघडला असेल तर आणखी सोपा उपाय आहे. फोन सेफ मोडमध्ये चालू केला की मॅजिस्क आपली सर्व मॉड्यूल बंद करते आणि नंतर नेहमीप्रमाणे चालू केल्यावरही ती बंदच राहतात. यात डेटा जात नाही. म्हणून आमचा आग्रह असा की, फोन हातात घेताच पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा न विचारता 'बिघडण्यापूर्वी फोनमध्ये काय टाकले होते?' असा विचारावा. गिऱ्हाईक लाजते, सांगत नाही. तेव्हा स्वतः पाहावे. चालू होताना बूटलोडर उघडा असल्याचा इशारा येतो काय? सॅमसंगच्या डाउनलोड मोडमध्ये वॉरंटीच्या ओळीपुढे शून्याऐवजी एक आहे काय? तसे असेल तर त्या फोनचा नॉक्सचा फ्यूज जळालेला आहे. तो कोणत्याही बॉक्सने वा डोंगलने परत येत नाही, आणि त्यावर सिक्युअर फोल्डर व सॅमसंगची पेमेंट सेवा चालणार नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला काम घेण्यापूर्वी सांगितली तर ती माहिती ठरते. काम झाल्यावर सांगितली तर सबब वाटते.

अपडेट न होणे ही याच जातीची तक्रार आहे. बदललेली बूट फाइल पाहून अपडेट अर्ध्यावर थांबते. मॅजिस्कमध्येच मूळ फाइल परत बसविण्याची सोय आहे. ती वापरून, फोन बंद न करता अपडेट घ्यावे. परंतु जुने सॉफ्टवेअर चांगले होते म्हणून मागे जाण्याचा हट्ट गिऱ्हाइकाने धरला तर सावध राहावे. पुष्कळ फोनांत मागे जाण्यास बंदी घालणारी योजना असते. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेला अँड्रॉइड १३ देताना गुगलने अशीच बंदी घातली होती. अशा फोनवर जुना बूटलोडर मारला की फोन डेड होण्याचा धोका असतो.

आयएमईआयशी खेळ नको

सर्वात गंभीर बाब आयएमईआयची आहे. मीडियाटेकच्या फोनवर सॉफ्टवेअर मारताना घाईत 'फॉरमॅट ऑल' दाबले की एनव्हीरॅम पुसली जाते आणि तिच्याबरोबर आयएमईआय व नेटवर्क जाते. 'डाउनलोड ओन्ली' निवडले असते तर हे टळले असते. म्हणून काहीही लिहिण्यापूर्वी एनव्हीरॅम, ईएफएस आणि परसिस्ट या भागांची प्रत काढून ठेवणे हा नियमच केला पाहिजे. ती प्रत म्हणजे कारागिराचा विमा आहे.

प्रत नसली की मोह होतो. बॉक्समध्ये सोय असतेच. कोणता तरी क्रमांक लिहून नेटवर्क आणून दिले जाते. हे कोणीही करू नये. आयएमईआयमध्ये फेरफार रोखण्यासाठी सरकारने २०१७ साली स्वतंत्र नियम केले. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये अशा फेरफारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. लहान कारागिराच्या घराची त्यात राखरांगोळी होईल. एका चोरीच्या फोनपायी पोलीस दुकानात आले की संपूर्ण गल्लीकडे बोट दाखविले जाते हेही आपण विसरू नये. जुना फोन घेताना त्याचा क्रमांक खोक्याशी व बिलाशी ताडून पाहावा. २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या संचार साथीवर तो तपासावा. केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर संदेश पाठविला तरी माहिती मिळते. मेळ बसत नसेल तर फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

दोष केवळ कारागिराचा नाही

काही जण म्हणतील की आम्ही रूटचे शत्रू आहोत. तसे नाही. फोनचे यंत्र धडधाकट असते, परंतु कंपनी दोन-तीन वर्षांत अपडेट बंद करते आणि मालकाला नवा फोन घ्यायला लावते. अशा वेळी एखादा जाणकार स्वतःच्या जबाबदारीवर कुलूप उघडून जुन्या फोनात नवी सिस्टीम घालतो, यात आम्हाला वावगे दिसत नाही. युरोपात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने फोनची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. परंतु गल्लीतील कारागिराला मूळ सॉफ्टवेअर, सुटे भाग आणि माहितीपत्रके उघडपणे मिळाली नाहीत तर तो कुठून तरी मिळालेल्या फाइलवरच काम करणार. मोबाईल व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

मात्र मागणी करणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार चोख असावा लागतो. जुन्या फोनांच्या बाजारात रूट केलेला फोन 'एकदम ओके' म्हणून विकला जातो. घेणाऱ्याला तो घरी गेल्यावर, बँकेचे ॲप उघडताना कळते. ही फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये अशा विक्रेत्याविरुद्ध दाद मागता येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वस्तूचा दोष सांगून सौदा करावा ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. दोष सांगून चारशे रुपये कमी आले तरी ते गिऱ्हाईक परत येते.

म्हणून आमची कारागीर बांधवांना सूचना आहे. काम घेताना पावतीवर चार ओळी लिहाव्यात: फोनचा आयएमईआय, बूटलोडर उघडा की बंद, डेटा जाण्याची शक्यता सांगितली काय, आणि गिऱ्हाइकाची सही. साध्या कार्बनच्या पावती पुस्तकात हे होते. दुकानातील शिकाऊ मुलाला फोल्डर बदलण्याआधी प्रत काढून ठेवण्याचे शिकवावे. रूट करून मागणाऱ्याला बँकेचे ॲप बंद पडेल हे स्पष्ट सांगावे आणि तरीही तो अडून बसला तर सहीशिवाय काम घेऊ नये. गिऱ्हाईक आपल्या हाती फोन देते तेव्हा त्यात त्याचे खाते, त्याची उधारी आणि त्याच्या घरच्यांचे फोटो असतात. ती अमानत आहे, हे ध्यानात ठेवून जो कारागीर काम करील त्याचे दुकान कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे कितीही झाली तरी बंद पडणार नाही.