प्रेमकथेला पळपुटी म्हणू नका

फॅसिझम आणि युद्ध यांवरच्या चित्रपटात प्रेमकथा आली की विषय पातळ होतो, असे गंभीर सिनेमाचे अनेक चाहते मानतात. लाखो माणसे छळछावण्यांत मरत असताना दोघांच्या विरहावर प्रेक्षकाला रडवणे ही गल्लाभरू वृत्ती, हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की हा मामला मुळात युरोपचा. अंधेरी-बोरिवलीच्या प्रेक्षकाशी त्याचा संबंध काय?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण त्याचे उत्तर याच दोन स्थानकांच्या मधे आहे. मालाडला १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे तिथले जर्मन. नाझी जर्मनीने १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि तथाकथित जर्मन रक्ताच्या व्यक्तींमधले विवाह गुन्हा ठरवले. पुढच्याच वर्षी ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला आणि त्याच १९३६ साली मालाडमध्ये त्याने ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित केला. ब्राह्मणाचा मुलगा प्रताप आणि रेल्वे फाटकवाल्याची दलित मुलगी कस्तुरी यांचे प्रेम त्यात जातीपायी मोडते. जन्म पाहून प्रेमाला बंदी घालण्याचा न्याय तिकडे कायद्याने चालत होता, इकडे रूढीने. तो ओळखायला आपल्या प्रेक्षकाला युरोपचा इतिहास शिकावा लागला नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने या जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. युद्ध मालाडच्या स्टुडिओत येऊन माणसे उचलून गेले, तरी हा विषय परका कसा?

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. नितेश तिवारी यांच्या ‘बवाल’मध्ये (२०२३) लखनऊचे एक जोडपे दुसऱ्या महायुद्धाची स्थळे पाहत हिंडते आणि त्या वाटेवर त्यांचा बिघडलेला संसार सांधला जातो. नवराबायकोच्या कुरबुरीला चक्क ऑश्वित्झच्या छळछावणीची उपमा दिली जाते. सायमन विझेन्थाल सेंटर या ज्यू मानवाधिकार संस्थेने हा चित्रपट हटवण्याची मागणी केली, तिच्यामागचा संताप रास्त होता. पण इथे दोष प्रेमकथेचा नाही. नरसंहाराचे नेपथ्य करण्याचा आहे. म्हणून कसोटी लावायची ती अशी : गोष्टीतून युद्ध किंवा राजवट वगळून पाहा. प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहिली तर चित्रपट खोटा. कोसळली तर खरा. ‘बवाल’चे जोडपे दुसऱ्या कुठल्याही सहलीवर गेले असते, तरी त्यांचा समेट झाला असता.

हीच कसोटी एत्तोरे स्कोला यांच्या ‘अ स्पेशल डे’ला (१९७७) लावा. मे १९३८. हिटलर रोमला आला आहे आणि एका मोठ्या इमारतीतली जवळजवळ सगळी बिऱ्हाडे संचलन पाहायला गेली आहेत. मागे उरली आहे सहा मुलांची आई आणि समलैंगिक म्हणून नोकरीवरून काढलेला एक रेडिओ निवेदक. रेडिओवरचा जयघोष इमारतीच्या चौकात घुमत राहतो. मुसोलिनीच्या इटलीत अविवाहित पुरुषांना कर होता आणि अधिक मुले जन्माला घालणाऱ्या मातांचा गौरव होत होता. राजवटीला रस्त्याइतकीच शेजघरावरही सत्ता हवी होती. छळछावणीचे एकही दृश्य न दाखवता हे कळते, ते त्या दोघांच्या एका दिवसाच्या जवळिकीमुळे. रात्री त्याला पकडून नेतात. शेजाऱ्याच्या नजरेचा धाक ज्यांनी आपल्या सोसायटीत अनुभवला आहे, त्या घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

आणि मराठी माणसाला तर घरचेच उदाहरण आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये त्यांना परिचारिका गुओ छिंगलान भेटल्या. १९४१ मध्ये लग्न, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा, आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अवघ्या ३२ व्या वर्षी कोटणीसांचा मृत्यू. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीस ते स्वतः झाले, नायिका झाल्या जयश्री. चिनी स्त्रीच्या भूमिकेत भारतीय नटी, भावनेचा अतिरेक, हे दोष मला मान्य आहेत. पण युद्ध वगळले तर हे दोघे भेटतच नाहीत. बरोबरचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस राहिले. प्रेमाने त्यांना कर्तव्यापासून ओढून नेले नाही. ज्यांच्यासाठी ते राबत होते, त्यांच्यातच रुजवले.

प्रेम करणारा माणूस आपोआप हुकूमशाहीचा विरोधक होतो, असा माझा दावा नाही. जुलमी अधिकाऱ्यांचेही आपल्या बायकामुलांवर प्रेम असतेच. दावा इतकाच, की सत्ता माणसाच्या आयुष्यात किती खोल शिरली हे प्रेमकथेइतके अचूक कोणी दाखवत नाही. आकडे मृतांची संख्या सांगतात. कोणाचे लग्न कोणी ठरवायचे, हा अधिकार कोणी बळकावला ते सांगत नाहीत.

उपनगरांतल्या फिल्म सोसायट्यांना आणि महाविद्यालयांना म्हणून विनंती आहे : ‘अछूत कन्या’, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणि ‘अ स्पेशल डे’ हे तीन चित्रपट एकत्र दाखवा, आणि दिवे लागल्यावर प्रेक्षकांना बोलू द्या. आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नासाठी आजही घर सोडावे लागणारी मुले-मुली त्या सभागृहात असतील. या चर्चेत पहिला शब्द त्यांचा असू द्या.