तळ्याकाठचा अभियंता आणि अंधारातली चार मिनिटे

मेहरूणच्या मुलाने लहानपणी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे घराजवळचा तलाव. बोरांसाठी नावाजलेल्या या परिसरातून जहाजावरच्या नोकरीचा विचार एकेकाळी कुणाच्या मनातही आला नसता. आज यांत्रिकी शाखेची पदवी घेतलेला जळगावचा तरुण एका वर्षाचा सागरी अभ्यासक्रम पूर्ण करून जहाजाच्या इंजिन-कक्षात उमेदवारी करू शकतो. समुद्र जवळ असण्याची अट शिक्षणालाही उरलेली नाही. मावळातील इंदोरी येथे तोलाणी संस्थेने जहाजाचा इंजिन-कक्ष आपल्या संकुलातच उभारला आहे.

या शिक्षणात सिम्युलेटरचे, म्हणजे हुबेहूब आभासी इंजिन-कक्षाचे, महत्त्व मोठे आहे. २६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' या जहाजाची वीज गेली, मुख्य इंजिन थांबले आणि सुमारे चार मिनिटांत जहाज पुलावर आदळले. पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. पुढे अमेरिकी तपास यंत्रणेने मूळ कारण एका सैल तारेत शोधले. त्याचे खापर प्रशिक्षणावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि वीज गेल्यावर अभियंत्याच्या हाती किती थोडा वेळ असतो, हे त्या रात्रीने जगाला दाखवले.

आपत्कालीन जनरेटर पंचेचाळीस सेकंदांच्या आत चालू व्हावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण तेवढ्याने मुख्य इंजिन फिरत नाही. आधी वंगणतेलाचे व थंड पाण्याचे पंप, मग दाबाखालच्या हवेने इंजिनाला चालना. क्रम चुकला, तेलाच्या दाबाविना इंजिन फिरवले, तर बेअरिंग जळतात. खऱ्या जहाजावर असा प्रसंग मुद्दाम कोण घडवून आणील? सिम्युलेटरवर तो दिवसातून दहा वेळा घडवता येतो आणि दहाही वेळा चुकता येते.

दुर्दैवाने या चुकण्याच्या सवलतीचेच मोल आपल्याकडे कमी होते. काही दिवस हजेरी लावायची, पडद्यावरची बटणे दाबायची, प्रमाणपत्र घ्यायचे, ही वृत्ती रुजली तर लाखमोलाचे यंत्र खेळणे ठरते. पडद्याला उष्णता नसते, तेलाचा वास नसतो, कानठळ्या बसवणारा आवाज नसतो. ती उणीव अनुभवी प्रशिक्षकच भरून काढतो. चूक झाल्यावर यंत्र थांबवून 'असे का केलेस?' हा प्रश्न तोच विचारतो. नोकरी सोडून शिकवायला येणाऱ्या मुख्य अभियंत्याला जहाजावरच्या वेतनाच्या तुलनेत फार थोडे मिळते. यंत्रांच्या खरेदीवर उत्साहाने बोलणाऱ्या संस्थाचालकांनी या प्रश्नाकडेही पाहावयास हवे.

मुलाला या क्षेत्रात धाडणारा मेहरूणमधला बाप शुल्क आणि वसतिगृह यांची चौकशी करतोच. त्याने आणखी एक विचारावे : सिम्युलेटरसमोर एका वेळी किती मुले बसतात, आणि त्यांच्यामागे उभा असतो तो किती वर्षे समुद्रावर होता?