सरपंचाला उपसरपंच, मग सरन्यायाधीशांना उप का नाही?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कुठलीही ग्रामपंचायत घ्या. सरपंच असतो तसा उपसरपंच असतो. सरपंचावर अविश्वास ठराव आला तर सभा सरपंच चालवत नाही, तहसीलदार चालवतात. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यानं त्या दिवशी खुर्चीत बसायचं नाही. एवढं गावाला कळतं.

आता दिल्लीत बघा. सुप्रीम कोर्टात उपसरन्यायाधीश हे पदच नाही. घटनेच्या 124 व्या कलमात सरन्यायाधीश आणि इतर न्यायाधीश, बास. दोन नंबरच्या न्यायाधीशाला मान आहे, पण कुठला खटला कुणापुढे लावायचा हे एकटे सरन्यायाधीश ठरवतात.

नोव्हेंबर 2017 मध्ये दोन नंबरचे न्या. चेलमेश्वर यांनी मेडिकल कॉलेज लाच प्रकरण पाच ज्येष्ठ न्यायाधीशांपुढे ठेवायचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पीठानं तो रद्द केला. त्या कॉलेजचा मूळ खटला मिश्रांच्याच पीठापुढे चालला होता. एफआयआरमध्ये त्यांचं नाव नव्हतं हे खरं, पण मग दुसऱ्या कुणी पीठ नेमलं असतं तर काय बिघडलं असतं?

एप्रिल 2019. सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर कोर्टातल्याच माजी कर्मचारी महिलेनं लैंगिक छळाचा आरोप केला. त्यांनी तो फेटाळला. पण 20 तारखेला शनिवारी खास पीठ बसलं, त्यात गोगोई स्वतः! पुढं चौकशी दोन नंबरचे, आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे यांच्या समितीकडे गेली. तथ्य नाही असं समितीनं सांगितलं. अहवाल मात्र जाहीर झाला नाही.

आरोप खरा की खोटा, हे मी ठरवणारा कोण? माझा प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. त्या दिवशी पीठ कुणी नेमायचं?

काहीजण म्हणतील, कशाला अजून एक खुर्ची? अहो, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाला उपाध्यक्ष आहे. केनियाच्या घटनेत उपसरन्यायाधीश आहे. आपणही कायद्यात एकच ओळ लिहू: सरन्यायाधीशांशी संबंधित प्रकरण आलं, की पीठ दोन नंबरचे न्यायाधीश नेमतील.

आपल्या जिल्ह्याच्या नावाचा वादही ऑगस्ट 2024 मध्ये त्याच कोर्टात संपला. आवडला त्यांनी निकाल मानला, नाही आवडला त्यांनीही मानला. हा भरवसा एका माणसाच्या चांगुलपणावर सोडायचा का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.