ग्रबने थांबायला शिकावे

विंडोज १० चे मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तेव्हापासून माधवनगरला आमच्या जुन्या संगणकावर विंडोजशेजारी उबुंटूही नांदते. श्रीलिपीतले जुने लेखन विंडोजमध्ये, इंटरनेट उबुंटूमध्ये.

संगणक सुरू केला की 'ग्रब' नावाचा बूट लोडर विचारतो, कुठे जायचे? आणि काही सेकंदांत स्वतःच ठरवून मोकळा होतो. चष्मा सापडेपर्यंत उबुंटू सुरू! मग पुन्हा रीस्टार्ट.

माझे स्पष्ट मत आहे, की वडीलधाऱ्यांना असा संगणक लावून देणाऱ्या मुलांनी ग्रबच्या सेटिंगमध्ये टाइमआउट उणे १ करावा आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. मग तो उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहणारा मास्तर काय कामाचा?