नवा लॅपटॉप कोराच हवा

बारावीनंतर भाचीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला. घरी आणून, खोकं उघडून, तिच्या आईने हळदकुंकू लावल्यावर तो सुरू केला. पहिल्या पंधरा मिनिटांत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी उगवल्या. एक अँटिव्हायरसची होती: तीस दिवस फुकट, पुढे पैसे. तिच्यावर दोन बटणं, ‘आत्ता घ्या’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटण कुठेच नव्हतं. भाचीने ते शोधून पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे बंद कुठून करायचं?” मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “कंपनीकडूनच येतं साहेब, सगळ्याच लॅपटॉपला असतं.”

सगळ्यांना असतं म्हणून ते रास्त ठरत नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असते. तिच्यात न विचारता ठेवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे विकणाऱ्याने मागे ठेवलेला पाय आहे, आणि तो त्याने काढून घेतलाच पाहिजे.

या प्रथेच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं: नको असेल तर काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. हे उत्तर मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते खोटं ठरल्याचं जगाने पाहिलं आहे. 2014 साली लेनोवोने आपल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाच्या कंपनीचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर भरून विकलं. ते ब्राउझर आणि वेबसाइट यांच्या मध्ये बसायचं. बँकेची साइट उघडली तरी पत्त्याशेजारचं कुलूप दिसायचं, पण त्यामागचं प्रमाणपत्र बँकेचं नसून या सॉफ्टवेअरने बनवलेलं असायचं. त्यातही कहर म्हणजे अशा सगळ्या लॅपटॉपमध्ये गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा संशोधकाने काही तासांत तिचा पासवर्ड शोधून काढला. ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव हाच तो पासवर्ड होता. म्हणजे एखाद्या कॅफेच्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाला तुमची बँक असल्याचं सोंग घेता आलं असतं. आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर रीतसर अनइन्स्टॉल केलं, त्यांच्या मशीनमध्ये ते मूळ प्रमाणपत्र तसंच शिल्लक राहिलं. भोक बुजलंच नाही.

बरं, मग फॉरमॅट मारा, असं पुढे सांगतात. 2015 मध्येच उघड झालं की याच कंपनीच्या काही मॉडेलांत बायोसमध्येच एक सोय करून ठेवली होती. विंडोज नव्याने टाकलं तरी कंपनीचा प्रोग्रॅम आपसूक परत येऊन बसायचा. पुढे त्यासाठी बायोसचं अपडेट द्यावं लागलं. पुसूनही पुसलं जात नसेल, तर ‘काढून टाका’ हा सल्ला कुणाला द्यायचा? पहिल्यांदाच संगणक हाताळणाऱ्या मुलीला?

हा एका कंपनीचा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये डेलच्या लॅपटॉपमध्येही तसंच धोकादायक प्रमाणपत्र सापडलं. 2016 मध्ये ड्युओ या सुरक्षा कंपनीने एसर, आसुस, डेल, एचपी आणि लेनोवो यांनी आधीच भरून दिलेली अपडेटची सॉफ्टवेअर तपासली. पाचांपैकी प्रत्येकात निदान एक तरी असं भोक निघालं, ज्यातून बाहेरच्याला अख्ख्या मशीनचा ताबा घेता येईल.

किमतीचा युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडून कंपनीला पैसे मिळतात, त्यामुळे लॅपटॉप स्वस्त पडतो, असं सांगितलं जातं. असेल. मग किती स्वस्त, तो आकडा बिलावर का नसतो? ग्राहकाला सूट दिली असेल तर ती दिसू द्या. तो हिशेब करील आणि नको असल्यास वरचे पैसे भरील. शिवाय सुपरफिशनंतर लेनोवोनेच असली सॉफ्टवेअर कमी करण्याचं जाहीर केलं. तिचा धंदा बुडाला नाही. जगात सर्वाधिक संगणक विकणाऱ्या कंपन्यांत ती आजही आहे.

कायद्याचा आधार घेणारे युरोपीय न्यायालयाच्या 2016 च्या निकालाकडे बोट दाखवतात. फ्रान्समधल्या एका ग्राहकाने सोनीच्या लॅपटॉपमध्ये आधीच टाकलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले होते. अशी विक्री मुळातच अनुचित ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं, हे खरं. पण ग्राहकाला खरेदीपूर्वी त्याची कल्पना दिलेली होती, ही बाबही न्यायालयाने लक्षात घेतली होती. आपल्याकडे कोणता दुकानदार बिल करण्याआधी ही यादी वाचून दाखवतो? आणि त्या ‘नको’ नसलेल्या चौकटीबद्दल म्हणाल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. पुन्हा पुन्हा विचारून पिच्छा पुरवणं ही त्यातली एक.

मागणी साधी आहे. आत काय काय भरलं आहे ते खोक्यावर छापा, आणि पहिल्यांदा सुरू करताना ‘यातलं काहीही नको’ हा पर्याय द्या. ड्रायव्हर लागतात, ते ठेवा. त्याबद्दल तक्रार नाही.

तोवर घेणाऱ्याच्या हातात काय आहे, तेही सांगतो. लिनक्स वापरणार असाल तर डॉस किंवा उबुंटू असलेलं मॉडेल मागा. मात्र ‘डॉसवाला घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर परवान्याची पावती मागा, नाहीतर चोरीचं विंडोज पदरात पडेल. विंडोजसह लॅपटॉप घेतला असेल, तर कागदपत्रं साठवायला लागण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर कोरं विंडोज उतरवा आणि ते टाका. परवान्याची किल्ली सहसा लॅपटॉपच्या बायोसमध्येच असते, ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. त्याआधी वायफाय आणि डिस्कचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर ऐन वेळी अडाल. भाचीच्या लॅपटॉपला आम्ही हेच केलं. एक अख्खी संध्याकाळ गेली, पण त्या चौकटी पुन्हा दिसल्या नाहीत.

ती संध्याकाळ कुणाचीच जाऊ नये. म्हणून लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्यापूर्वी काउंटरवर तो सुरू करायला लावा, आत काय भरलं आहे ते पाहा आणि नको असलेलं तिथेच काढून मागा. दुकानदार नाही म्हणाला, तर ते कंपनीला लेखी कळवा आणि दुसऱ्या दुकानात जा.