दोघांचे भांडण आणि वाशिंदचा पत्रा

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण मराठी माणूस शाळेतच शिकतो. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर २५ टक्के आयातशुल्क लादले आणि दोन महासत्तांमधील व्यापारयुद्धाला तोंड फुटले, तेव्हा आपल्याकडील अनेक अर्थपंडितांना हीच म्हण आठवली. चीनमधून निघालेले कारखाने भारतात येतील, अमेरिकेची बाजारपेठ भारतीय मालाला मोकळी होईल, असे भाकीत ठायी ठायी ऐकू येत होते. मोबाईल फोनच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. पोलादाचे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र वॉशिंग्टन वा बीजिंग गाठण्याची गरज नाही. कसाऱ्याची लोकल पकडून वाशिंदला उतरले तरी पुरे.

शहापूर तालुक्यातील या गावात जिंदाल समूहाने १९८२ मध्ये पोलादाचा कारखाना उभारला. येथे लोखंड वितळत नाही. गरम लाटलेल्या पोलादाच्या अजस्र गुंडाळ्या येतात, त्या आम्लाने स्वच्छ करून थंड लाटल्या जातात, मग वितळलेल्या जस्तात बुडवून त्यांच्यावर मुलामा चढवला जातो आणि काहींना रंग देऊन तो भट्टीत पक्का केला जातो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कौलांची जागा घेणारा निळा-तांबडा पत्रा तो हाच. ठाणे जिल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जस्ताच्या मुलाम्याचे मोल सांगावे लागत नाही.

आता या पत्र्याचा आणि ट्रम्प-शी भांडणाचा संबंध काय? जगातील निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन बनवतो, वर्षाला सुमारे १०० कोटी टन. २०२१ पासून तेथील गृहबांधणी कोसळली. भट्ट्या मात्र चालूच राहिल्या, कारण त्या बंद करणे म्हणजे प्रांतोप्रांतीचा रोजगार बंद करणे. परिणामी २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून अधिक पोलाद देशाबाहेर काढले. अमेरिकेत त्याला शिरकाव नव्हताच. २०१६ मध्येच जस्तविलेपित पत्र्यावर चीनविरुद्ध २०० टक्क्यांच्या वर शुल्क बसले होते. (त्याच आदेशांत भारताचेही नाव होते, दर पुष्कळ कमी असला तरी. मैत्रीची भाषणे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) पुढे २०१८ मध्ये बहुतेक देशांच्या पोलादावर २५ टक्के आणि जून २०२५ मध्ये ५० टक्के शुल्क आले, तेव्हा कोरिया-जपानसारख्यांचा मालही नवी दारे ठोठावू लागला. पाण्याला एकीकडे बांध घातला की ते उताराकडे धावते. जगातील दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक असलेला भारत २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत तयार पोलादाच्या निर्यातीपेक्षा आयातच अधिक करत होता, हे त्या उताराचे प्रमाण.

सरकारने एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षक शुल्क बसवले आणि डिसेंबरात ते तीन वर्षांसाठी कायम केले. जस्तविलेपित आणि रंगीत पत्रा त्यात येतो. निर्णय योग्यच होता. उशीर झाला, एवढीच तक्रार. तथापि या निर्णयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा विकत घेऊन कपाटे, शटर, यंत्रांची आवरणे बनवणारा लहान कारखानदारही स्वदेशीच आहे. परदेशी माल महागला की देशी गिरणीवालेही दर चढवतात, आणि त्याच्या हातात टनामागे उरणारे चार पैसे तेथेच जातात. त्याला कोणतेही संरक्षक शुल्क नाही. मोठ्यांना आडोसा देताना त्यांच्या दरांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शासनाने घेतली नाही, तर राष्ट्रहिताच्या नावाखाली एका स्वदेशी उद्योगाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसे जातील.

आपणही या कथेत निव्वळ पीडित नाही. चीनच्या भट्ट्या धगधगत होत्या तेव्हा त्यांना खाद्य कोणी पुरवले? २०१०-११ मध्ये एका गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज जहाजांवर चढले, आणि त्यातील बहुतेक चीनला गेले. डिचोली, सांगे, केपे भागांतील डोंगर पोखरले गेले, ट्रकांच्या रांगांनी गावांचे रस्ते लाल झाले. शहा आयोगाने अवैध खाणकामावर बोट ठेवल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मातीच्या भावाने डोंगर विकायचा आणि त्याच डोंगराचा पत्रा गुंडाळी करून परत आला की स्वस्त म्हणून घ्यायचा, हा व्यवहार दादाभाई नौरोजींच्या काळी मँचेस्टरशी होत होता. फक्त बंदर बदलले.

दर दिवाळीला चिनी माळांवर बहिष्काराचे आवाहन होते. त्यात गैर काही नाही, पण लोकमान्यांच्या काळात बहिष्काराच्या जोडीला १९०८ मध्ये तळेगावात पैसाफंडाचा काचकारखानाही उभा राहिला होता. माळा न घेतल्याने दुर्मिळ मृदाधातूंची चुंबके मिळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अमेरिकेला उत्तर म्हणून त्यांच्या निर्यातीवर परवान्याचा लगाम घातला आणि पुण्याच्या बजाज ऑटोच्या विजेवरील चेतकचे उत्पादन खाली आले. नेम अमेरिकेवर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बुसानमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटले आणि आपापसांतील काही शुल्के, काही निर्बंध त्यांनी सैल केले. भारतीय मालावर ऑगस्टमध्ये रशियाच्या तेलाचे निमित्त करून ५० टक्क्यांवर नेलेले शुल्क त्या दिवशी तसेच होते.

वाशिंदवरून पुढे कसारा घाट चढला की नाशिकच्या वाटेवर रोहित्रांच्या गाभ्याचे विशेष पोलाद बनवणारा कारखाना आहे. या पोलादाची आपली गरज आजवर मुख्यतः आयातीवर भागत आली. जर्मन कंपनीकडून तो कारखाना जानेवारी २०२५ मध्ये जिंदालांच्या जेएसडब्ल्यूने जपानच्या जेएफईसह विकत घेतला. तंत्रज्ञान जपानचे, कामगार येथले. ते तंत्रज्ञान येथील अभियंत्यांच्या हाती कितपत येते, त्यासाठी करारात काय लिहिले आहे, हे विचारण्याची वेळ आताच आहे. संरक्षक शुल्क दुसऱ्या वर्षी साडेअकरा टक्के, तिसऱ्या वर्षी ११ टक्के होईल आणि एप्रिल २०२८ मध्ये त्याची मुदत संपेल.